यंत्राचे वंगण आणि वंगणाची हत्यारे

मंडळी,

आज वाचनाचा धडा थोडा बाजूला ठेवू. आज वंगणाविषयी बोलायचे आहे.

वंगण हा शब्द तुम्हांला नवा नाही. बैलगाडीच्या खाली वंगणाचा नळा टांगलेला असे. लांबच्या गावाला निघायचे म्हणजे आधी चाक काढायचे, आख पुसायचा, चिंधीने वंगण लावायचे, आणि मग बैल जुंपायचे. ज्याने आळस केला त्याची गाडी करकर वाजे. वेशीत शिरण्याआधीच गावाला कळे, की अमक्याची गाडी आली. लोक हसत, आणि तो गडी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने चाक काढून बसे.

ट्रॅक्टर असा करकरत नाही. करकरला तरी इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही. कोरडा पडलेला सांधा गप्प राहून झिजतो. म्हणून ट्रॅक्टरच्या बाबतीत कानावर विसंबून चालत नाही. डोळ्यांनी पाहावे लागते. आणि आता तुम्हांला अक्षरओळख झाली आहे, तेव्हा थोडे वाचावेही लागते.

परवा एक जण मला म्हणाला, “गुरुजी, ग्रीस नाही मारलं म्हणून ट्रॅक्टर उभा राहतो व्हय?” त्याचे म्हणणे खोटे नाही. आज उभा राहत नाही. उद्याही राहत नाही. पण ट्रॅक्टरच्या पुढच्या आसाच्या मधोमध एक जाड पिन असते. पुढच्या भागाचे वजन त्या पिनेवर डोलते. पिन एका बुशात बसलेली असते. दोघांच्या मध्ये ग्रीसचा पातळ थर असेल तर लोखंड लोखंडाला लागत नाही. थर संपला की लागते. मग बुश झिजतो, भोक मोठे होते, आस हलू लागतो, स्टिअरिंग हातात नाचू लागते, पुढची टायरे एका अंगाने खाल्ली जातात. हे सगळे एका हंगामात होत नाही. दोन-तीन हंगाम लागतात. तोपर्यंत मूळ कारण कोणाच्या ध्यानातही राहत नाही. माणूस म्हणतो, टायर खराब निघाले. आणि दुरुस्तीला ट्रॅक्टर नेमका पेरणीच्या तोंडावर शेडमध्ये जातो.

आता ग्रीस म्हणजे काय ते पाहू. ग्रीस म्हणजे तेल आणि साबण. हसू नका, खरेच सांगतो. अंगाला लावायचा साबण नव्हे. चुना किंवा लिथियम नावाचा धातू, यांचा चरबीशी संयोग करून केलेला साबण. हा साबण स्पंजासारखा तेल धरून ठेवतो आणि सांधा हलेल तसे थोडे थोडे सोडतो. म्हणून जिथे तेल ओघळून जाईल तिथे ग्रीस देतात.

डब्यावर एक आकडा असतो. त्याच्या आधी एन्.एल्.जी.आय्. अशी अक्षरे असतात. तो आकडा ग्रीस किती घट्ट आहे ते सांगतो. शून्याच्या खालची ग्रीसे पळीने वाढावी इतकी पातळ असतात, ६ नंबरचे वडीसारखे कडक असते. ट्रॅक्टरच्या बहुतेक सांध्यांना २ नंबरचे, म्हणजे लोण्याएवढे मऊ ग्रीस लागते. चुन्याच्या साबणाचे साधे ग्रीस स्वस्त असते. ते पाण्याला टिकते, पण तापले की वितळून वाहून जाते. चाकाच्या बेअरिंगला ते घालू नये. लिथियमचे ग्रीस उष्णता पुष्कळ जास्त सोसते आणि पाण्यालाही बऱ्यापैकी दाद देत नाही. घरात एकच डबा ठेवायचा असेल तर लिथियमचा, २ नंबरचा ठेवा. रंगावर जाऊ नका. पिवळे, लाल, निळे हा कारखान्याने घातलेला रंग असतो. आणि दोन जातींची ग्रीसे एकात एक मिसळू नका. दोन्ही चांगली असली तरी काही जाती एकमेकींशी पटवून घेत नाहीत, मिसळल्या की पातळ होऊन गळून जातात. नवीन जातीचे द्यायचेच झाले, तर जुने बाहेर पडून नवे दिसू लागेपर्यंत द्यावे.

ग्रीसच्या डब्याला लोणच्याच्या बरणीसारखे जपावे. झाकण उघडे राहिले, वाऱ्याने धूळ पडली, की ते ग्रीस राहत नाही. मातीचे कण आणि ग्रीस मिळून लोखंड घासायची पूड तयार होते. ती आपल्याच हाताने आपण सांध्यात भरतो. त्यापेक्षा एक दिवस ग्रीस न दिलेले बरे.

आता हत्याराकडे वळू. आजचा मुख्य विषय तोच आहे.

पूर्वीच्या यंत्रांवर ग्रीसच्या पितळी वाट्या असत. वाटीत ग्रीस भरायचे आणि टोपी रोज थोडी पिळायची, की ग्रीस आत जाई. जुन्या ऑइल इंजिनांवर अशा वाट्या तुमच्यापैकी काही जणांनी पाहिल्या असतील. आता त्या जागी निपल असते. निपल म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही लहान अशी पोकळ घुंडी. तिच्या तोंडात एक बारीक गोळी असते आणि गोळीच्या मागे स्प्रिंग. बाहेरून दाब आला की गोळी मागे सरते व ग्रीस आत जाते. दाब थांबला की गोळी परत तोंड बंद करते. माती आत जात नाही, ग्रीस बाहेर येत नाही. ऑस्कर झर्क नावाच्या गृहस्थांना अशा निपलाचे पेटंट अमेरिकेत १९२९ साली मिळाले. तिकडचे शेतकरी अजून निपलाला ‘झर्क’ म्हणतात. एवढीशी वस्तू, पण जगातला क्वचितच एखादा ट्रॅक्टर तिच्यावाचून असेल.

या निपलातून ग्रीस दाबायचे साधन म्हणजे ग्रीस गन. आपल्याकडे तिला ग्रीसचा पंपही म्हणतात. ती तीन-चार तऱ्हेची मिळते. एक पिस्तुलासारखी, एका हाताने दाबायची. दुसरा हात नळीचे तोंड निपलावर धरायला मोकळा राहतो, ही तिची सोय. पण वीस निपलांना ग्रीस द्यायचे तर पंजा भरून येतो, आणि पंजा भरून आला की माणूस शेवटची चार निपले सोडून देतो. दुसरी लांब दांड्याची. तिला दोन्ही हात लागतात, पण जोर कमी लागतो आणि दाब जास्त मिळतो. सुकलेल्या ग्रीसने तुंबलेले निपल तीच मोकळे करू शकते. तिसरा बादलीचा पंप. बादलीत पाच-दहा किलो ग्रीस मावते. ज्याच्याकडे चार-पाच ट्रॅक्टर आहेत, ऊस-वाहतुकीच्या ट्रॉल्या आहेत, त्याने तो घ्यावा. घरच्या एका ट्रॅक्टरला तो ओझे होतो. चौथी बॅटरीवर चालणारी. बोट दाबले की काम होते. पण ती महाग आहे, जड आहे, आणि सांधा भरला की हाताला जो विरोध जाणवतो तो तिच्यात नीट जाणवत नाही.

माझे मत विचाराल तर एका ट्रॅक्टरच्या घराला लांब दांड्याची, ४०० ग्रॅम ग्रीस मावणारी गन पुरे. तिला हातभर लवचीक नळी असावी, म्हणजे आडबाजूच्या निपलापर्यंत पोचता येते. जोडीला लोखंडी सरळ नळीही ठेवावी. समोर दिसणाऱ्या निपलांना सरळ नळीच बरी पडते.

दुकानात गेल्यावर गनचा रंग पाहत बसू नका. आपल्या ट्रॅक्टरचे एक जुने निपल खिशात घालून न्या. सगळ्या गनमध्ये खरी किंमत तिच्या तोंडाची. तोंडात तीन-चार पोलादी जबडे असतात. ते निपलाची मान धरतात. खिशातले निपल तोंडात घालून पाहा. ‘टक्’ करून बसले पाहिजे. सरळ ओढले तर निघता कामा नये, थोडे वाकडे करून ओढले तर सुटले पाहिजे. जबडे ढिले असले की ग्रीस सांध्यात जायच्याऐवजी बाहेर लडबडते. मग दुकानदाराला विचारा, “याचं तोंड, नळी आणि आतलं वायसर सुटं मिळतं का?” मिळत नसेल तर ती गन घेऊ नका, मग ती कितीही नावाजलेली असो. तोंड आणि नळी झिजणारच. दोन वर्षांनी एवढ्याशा तोंडासाठी आख्खी गन टाकून देणे हे शेतकऱ्याचे काम नव्हे.

दोन-चार नवी निपलेही घेऊन ठेवा. निपले सरळ असतात, अर्धी वाकलेली असतात आणि काटकोनातली असतात. आटेही निराळे असतात, ६, ८ व १० मिलिमीटरचे. म्हणून पुन्हा सांगतो, जुने निपल खिशात न्या. तोंडी वर्णन करून आणलेले निपल हटकून चुकते.

गन भरताना डोके पिळून काढतात, मागची सळई ओढून खाचेत अडकवतात आणि नळकांड्यात ग्रीस भरतात. हाताने लपके भरले तर मध्ये हवा राहते. त्यापेक्षा नळकांड्याचे उघडे तोंड ग्रीसच्या डब्यात बुडवावे आणि सळई सावकाश ओढावी. पिचकारीत रंग भरतो तसे. एवढे करूनही हवा राहिली तर दांडा नुसता खाली-वर होतो, ग्रीस येत नाही. पुष्कळ जण इथेच “गन बिघडली” म्हणून फेकून देतात. बिघडलेली नसते. डोके एक-दोन आटे सैल करावे, सळई आत दाबावी, हवा फुसकन निघून जाते. मग डोके घट्ट करावे.

एका दाबाला किती ग्रीस येते? बहुतेक हाताच्या गनमधून १ ग्रॅमच्या आसपास येते. आपल्या गनचे आपणच मोजावे. कागदावर दहा दाब काढावेत, किराणा दुकानात वजन करावे आणि दहाने भागावे. समजा १ ग्रॅम आले. ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटर मिळून १६ निपले, प्रत्येकाला ४ दाब. १६ चोक ६४. म्हणजे एका वेळेला ६४ ग्रॅम. ४०० ग्रॅमची भरलेली गन ६ वेळा पुरून थोडे उरेल. दोन महिने झाले तरी गन पहिल्याच भरतीवर चालत असेल, तर कोणी तरी निपले चुकवीत आहे हे हिशेबच सांगेल. गड्यावर ओरडायची गरज नाही.

आता धोक्याचे दोन शब्द. हे नीट ऐका. आज तुम्हांला बोलावले ते खरे यासाठीच.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये शेतात काम करताना दर चौरस इंचाला १२ ते १६ पौंडांच्या आसपास हवेचा दाब असतो. हाताने दाबायच्या साध्या ग्रीस गनमध्ये हा दाब काही हजार पौंड होतो. नळीला भोक असेल, आणि त्या भोकावर बोट असेल, तर ग्रीसची सुईसारखी धार कातडी फोडून आत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढा ठिपका दिसतो. रक्तही फारसे येत नाही. सुरुवातीला दुखतही नाही. म्हणून माणूस बोट पुसतो, हळद लावतो आणि कामाला लागतो. ते ग्रीस आत पसरते, बोटाचे रक्त अडते, आणि उशीर झाला तर बोट कापावे लागते. कधी हातही जातो. असे झाले तर चोळू नका, पिळू नका, मलम लावून वाट पाहू नका. त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा. गाडी नसेल तर १०८ क्रमांकाला फोन करा. आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, “ग्रीस गनच्या दाबानं ग्रीस आत गेलंय.” नुसते “बोटाला लागलं” म्हणू नका. डब्यावरचे नाव कागदावर लिहून बरोबर न्या. फुगलेली, चिरलेली नळी एक दिवसही वापरू नका. ग्रीस येते की नाही हे बोट लावून पाहू नका.

दुसरा धोका फिरत्या दांडीचा. ट्रॅक्टरमागची पी.टी.ओ.ची दांडी मिनिटाला ५४० फेरे घेते. ५४० भागिले ६०. किती आले? ९. म्हणजे एका सेकंदाला ९ फेरे. पदराचे टोक, उपरण्याचा शेव, धोतराचा सोगा तिला लागला, तर ‘अरे’ म्हणायच्या आत हातभर कापड गुंडाळले जाते. आणि नेमके त्याच दांडीच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात, त्या क्रॉसांना रोज ग्रीस लागते. म्हणून काही हुशार लोक इंजिन चालू ठेवून, दांडी हळूहळू फिरवीत निपल समोर आणतात. ही हुशारी नव्हे. इंजिन बंद करावे, किल्ली काढून खिशात घालावी, रोटाव्हेटर जमिनीवर टेकवावा, आणि दांडी हाताने फिरवून निपल वर आणावे. उचललेल्या रोटाव्हेटरखाली तर डोकेही घालू नये. दांडीवरचे प्लास्टिकचे आवरण अडचण होते म्हणून काढून टाकतात. ते काढू नका. मळणी यंत्रांनी किती जणांचे हात नेले ते तुम्हांला ठाऊक आहे. अशा यंत्रांवर नियमन आणावे आणि जखमी कामगाराला भरपाई मिळावी म्हणून १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला.

ग्रीस कधी द्यावे? ज्याच्या त्याच्या माहितीपुस्तकात तासांचा कोठा असतो. क्रॉसला आणि चिखलात जाणाऱ्या सांध्यांना बहुधा दर ८-१० तासांना, बाकीच्यांना त्याहून सावकाश. मी म्हणेन, संध्याकाळी काम संपल्यावर द्यावे. सांधा ऊन असतो, ग्रीस सहज शिरते, आणि दिवसभरात शिरलेले पाणी रात्रभर आत राहत नाही. भाताच्या चिखलणीनंतर तर हे चुकवूच नका. ट्रॅक्टर धुतल्यावर ग्रीस द्या, धुण्याच्या आधी नव्हे. आधी फडक्याने निपल पुसा. नंतर गन लावा. क्रॉसच्या चारी टोप्यांतून नवे ग्रीस डोकावले की थांबा. पुढच्या आसाच्या पिनेला जॅक लावून, चाकांना दगड लावून, वजन उचलून ग्रीस दिले तर ते खालच्या अंगालाही पोचते. एरवी जिथे भार आहे तिथेच ते जात नाही.

निपल घेतच नसेल तर नुसता जोर लावू नका. पाना लावून ते काढा. मोकळे निपल गनला लावून पाहा. त्यातून ग्रीस आले तर निपल ठीक, आतली वाट तुंबली आहे; ती तारेने मोकळी करा. न आले तर निपल बदला.

आणि जिथे ग्रीस नको तिथे ते नकोच. पट्ट्याला नको, ब्रेकला नको, क्लचच्या पाट्याला नको. दोन्ही बाजूंनी झाकण असलेल्या बंद बेअरिंगला नको. दाबाने त्याचे झाकणच निघते. विजेच्या मोटारीच्या बेअरिंगला गच्च भरू नका, गच्च भरलेले बेअरिंग तापते. रोटाव्हेटरच्या गिअरपेटीत गिअरचे तेल घालायचे असते. तेल गळते म्हणून तिच्यात ग्रीस भरणारे लोक मी पाहिले आहेत. गळणे थांबते हे खरे. पण दाते ग्रीस बाजूला फेकतात, ते परत येत नाही, आणि दाते कोरडे फिरतात. गळत असेल तर सील बदला. इंजिनाचे तेल रोज सकाळी, ट्रॅक्टर सपाट जागी उभा असताना, इंजिन चालू करण्याआधी पट्टीवर पाहावे, हे तुम्हांला माहीत आहेच. काढलेले काळे तेल ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

आपल्या वर्गातल्या एका बाईंनी एक चांगली गोष्ट केली आहे. त्यांचे यजमान भाड्याने ट्रॅक्टर चालवतात. बाईंना आकडे लिहिता येऊ लागले तसे त्यांनी मुलाच्या जुन्या वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात मीटरवरचे तास, तिसऱ्यात किती निपलांना ग्रीस दिले तो आकडा. रोज रात्री त्या विचारतात आणि लिहितात. एकदा तिसऱ्या रकान्यात १६ च्या जागी १५ आले. बाईंनी विचारले, “एक कुठं गेलं?” कंदील घेऊन दोघे बाहेर गेले. डाव्या बाजूचे निपल चिखलाने बुजले होते. यजमानांच्या ते लक्षातच नव्हते.

अशी वही आज प्रत्येकाने आखायची आहे. पाटी नको, वही आणा. ट्रॅक्टर बाहेर चिंचेखाली उभा केला आहे. इंजिन बंद आहे आणि किल्ली माझ्या खिशात आहे. पदर खोचून घ्या, उपरणी इथेच ठेवा. पुढच्या आसापासून सुरुवात करू आणि निपले मोजत मोजत मागे जाऊ.